समलिंगी विवाहाला ‘इतके टक्के पाठिंबा’: हा आकडा वाचायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आयर्लंडमध्ये २०१५ च्या सार्वमताआधी चाचण्या सत्तरच्या आसपास पाठिंबा दाखवत होत्या, मतपेटीतून निघाले बासष्ट टक्के. तैवानबद्दल २०२३ या एकाच वर्षातलं एक सर्वेक्षण ४५ टक्के सांगतं, दुसरं ६२.६. मग भारताबद्दल जो ५३ टक्क्यांचा आकडा फिरतो, त्यावर कितपत विसंबायचं? की या विषयावर लोक मुलाखतकाराशी सरळ खोटं बोलतात?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी. थोडे लोक बोलत असतील, पण तफावतीचं ते मुख्य कारण नाही. आकडा हलतो तो प्रश्नाच्या शब्दांनी, किती पर्याय दिले त्याने, ‘सांगता येत नाही’ म्हणणाऱ्यांना कुठे टाकलं त्याने आणि मतदानाला कोण बाहेर पडलं त्याने. ही चारही कारणं तपासून झाल्याशिवाय खोटेपणाकडे बोट दाखवू नये.

आयर्लंडपासून सुरुवात करू, कारण तिथला हिशोब कागदावर मांडता येतो. मतदान २२ मे २०१५ ला झालं. त्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात ‘आयरिश टाइम्स’साठी झालेल्या इप्सॉस एमआरबीआयच्या चाचणीत ५८ टक्के ‘हो’ म्हणाले, २५ टक्के ‘नाही’, आणि उरलेल्या १७ टक्क्यांचं ठरलेलं नव्हतं. ठळक मथळ्यात मात्र आला ७० चा आकडा. तो कुठून आला? ५८ ला ८३ ने भागून. कुंपणावरच्या सतरा जणांना बाजूला काढलं की उरतात ८३, आणि त्यांच्यात ‘हो’चा वाटा सत्तर होतो. हे गणित चुकीचं नाही, पण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे: ते सतरा जण मतदान करणार नाहीत, किंवा केलंच तर बाकीच्यांच्याच प्रमाणात वाटले जातील.

निकाल लागला ६२.०७ विरुद्ध ३७.९३. शंभर जणांवर आणलं तर ‘हो’ ५८ वरून ६२ ला गेला, म्हणजे चारची भर. ‘नाही’ २५ वरून ३८ ला, म्हणजे तेराची. सतरापैकी तेरा, तीन चतुर्थांशांहून थोडे जास्तच, विरोधात गेले. हिशोब ढोबळ आहे. काहींनी मधल्या काळात मत फिरवलं असेल, काही घरीच बसले असतील. तरी दिशा स्पष्ट आहे. म्हणून अशा चाचणीतून अंदाज काढताना एकच आकडा छापू नये. न ठरलेल्यांची निम्मी-निम्मी वाटणी करून एक आकडा काढावा (इथे ६६.५), तीन चतुर्थांश विरोधात टाकून दुसरा काढावा (इथे ६२.२५), आणि मधली पट्टी सांगावी. सत्तर हा आकडा या पट्टीत कुठेच बसत नाही.

यावर अनेक जण म्हणतात की न ठरलेला मतदार ‘आहे तेच बरं’ म्हणून ‘नाही’वर शिक्का मारतो. हे अर्धवट खरं आहे. अमेरिकेत १९९८ पासून पुढच्या दशकभरात राज्याराज्यांत जी मतदानं झाली, त्यांतल्या बहुतेकांत ‘हो’ म्हणजे समलिंगी विवाहावर बंदी असा अर्थ होता. तिथे चाचण्यांत बंदीच्या बाजूचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी यायचा, बंदीविरोधकांचा मात्र बऱ्यापैकी जुळायचा. म्हणजे कुंपणावरचा माणूस ‘नाही’ या शब्दाकडे जात नव्हता, लग्नाच्या ओळखीच्या, रूढ कल्पनेकडे जात होता. २०१२ पर्यंत हे पुष्कळ बदललं. त्या नोव्हेंबरात मेन, मेरिलँड आणि वॉशिंग्टन या राज्यांत समलिंगी विवाहाच्या बाजूने कौल आला. मेनमध्ये तर तीनच वर्षांपूर्वी, २००९ मध्ये, मतदारांनी तसाच कायदा रद्द केला होता.

आता शब्दांकडे येऊ. अभ्यासाला सगळ्यात उपयोगी उदाहरण ॲरिझोनाचं आहे. २००६ मध्ये तिथे बंदीचा प्रस्ताव ५१.८ टक्के विरोधी मतांनी पडला. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यात असा प्रस्ताव मतदारांनी फेटाळण्याची ही पहिलीच वेळ होती. दोन वर्षांनी त्याच राज्यात बंदी ५६ टक्क्यांनी मंजूर झाली. दोन वर्षांत ॲरिझोना जुन्या वळणाचं झालं का? नाही, मसुदा बदलला. पहिल्या मसुद्यात लग्नाबरोबर ‘लग्नासारखा कोणताही कायदेशीर दर्जा’ देण्यावरही बंदी होती. विरोधकांनी प्रचारात समलिंगी जोडप्यांना पुढे केलंच नाही. लग्न न करता एकत्र राहणारी वयस्कर स्त्री-पुरुष जोडपी दाखवली आणि त्यांचे विम्यासारखे लाभ जातील हा मुद्दा लावून धरला. २००८ च्या मसुद्यातून ते वाक्यच काढून टाकलं, विवाह फक्त एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यातला एवढंच ठेवलं, आणि प्रस्ताव मंजूर झाला. या दोन निकालांमधला फरक ‘जनमतातला बदल’ म्हणून आलेखावर काढणारा माणूस वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं एका रेषेने जोडत असतो.

कॅलिफोर्नियाच्या २००८ च्या आठव्या प्रस्तावाला राज्याच्या ॲटर्नी जनरलने मतपत्रिकेसाठी जे शीर्षक दिलं, त्याचा अर्थ ‘समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क रद्द करणारा’ असा होत होता. मूळ मसुद्याचा सूर ‘विवाहाची व्याख्या’ असा होता. हक्क काढून घेणं ऐकायला जड जातं, व्याख्या ठरवणं हलकं. तरीही प्रस्ताव ५२ टक्क्यांच्या वर मतं घेऊन मंजूर झालाच. पण त्या दोन शीर्षकांवर आधारलेल्या चाचण्या एकमेकींशी ताडून पाहण्यात अर्थ नव्हता. शिवाय तिथे ‘हो’ म्हणजे लग्नाला नाही आणि ‘नाही’ म्हणजे लग्नाला हो. अशा उलट्या प्रश्नावर चाचणी घ्यायची तर उत्तरानंतर एक पडताळणीचा प्रश्न हवा: ‘म्हणजे अशी लग्नं व्हावीत असं तुम्हाला वाटतं, की होऊ नयेत?’ दोन उत्तरं जुळत नसलेल्यांचा वाटा वेगळा मोजून ठेवावा.

अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यात आणखी एक खोच होती. तिथे घटनादुरुस्तीसाठी त्या निवडणुकीत मतदान केलेल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त ‘हो’ लागतात. दुरुस्तीचा रकाना कोरा सोडला तर तो ‘नाही’तच जमा होतो. २०१२ मध्ये बंदीला सुमारे ४७.४ टक्के मिळाले, विरोधात ५१.२, उरलेले कोरे. निकाल तसाही बंदीच्या विरोधातच लागला असता, पण चाचणी घेणाऱ्याने ‘उत्तर नाही’ हा गट वगळून टक्केवारी काढली तर इथे ते सरळ चुकीचं ठरतं. मतदानाचा नियम आधी वाचायचा, मग टक्केवारीचा पाया ठरवायचा. आणि कधी हा विषय भलत्याच पिशवीत घातलेला असतो. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ चं एक जनमागणी-मतदान विवाहित जोडप्यांवरच्या जादा कराबद्दल होतं, पण त्याच मसुद्यात विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांचा संबंध ही व्याख्याही बसवलेली होती. ५०.८ टक्क्यांनी ते पडलं. (पुढे २०१९ मध्ये न्यायालयाने ते मतदान रद्दच ठरवलं, कारण सरकारने जादा कराचा फटका बसणाऱ्या जोडप्यांची संख्या ८० हजार सांगितली होती, प्रत्यक्षात ती ४ लाख ५४ हजार निघाली.) त्या ५०.८ मध्ये करासाठी किती आणि व्याख्येसाठी किती, हे त्या आकड्यातून काढता येत नाही. स्वच्छ प्रश्न २६ सप्टेंबर २०२१ ला आला, तेव्हा ६४.१ टक्के ‘हो’ म्हणाले आणि एकही कॅन्टन (तिथलं राज्य) विरोधात गेलं नाही.

पर्यायांची संख्या हा मुद्दा माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. २००४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या एक्झिट पोलमध्ये मतदारांना तीन पर्याय दिले होते: विवाहाला मान्यता, विवाह नको पण ‘सिव्हिल युनियन’ (विवाह न म्हणता जोडप्याला दिलेली कायदेशीर मान्यता) चालेल, किंवा कसलीही मान्यता नको. पहिला २५ टक्क्यांनी निवडला, दुसरा ३५ टक्क्यांनी, तिसरा ३७ टक्क्यांनी. या एकाच तक्त्यातून तीन मथळे निघतात. ‘विवाहाला फक्त चौथा हिस्सा मतदार अनुकूल’ खरं. ‘साठ टक्के मतदारांना काहीतरी कायदेशीर मान्यता मंजूर’ खरं. ‘बहात्तर टक्के विवाहाच्या विरोधात’ हेही खरं. आणि त्याच दिवशी अकरा राज्यांनी बंदी मंजूर केली, त्यांतल्या आठ राज्यांच्या मसुद्यात सिव्हिल युनियनलाही आडकाठी होती. मधला गट ज्या बाजूला ढकलला जाईल तिकडे निकाल जातो, आणि मतपत्रिकेवर मधला पर्याय बहुधा नसतोच. म्हणून सर्वेक्षणात तीन पर्यायांचा प्रश्न विचारलाच पाहिजे, पण त्यानंतर मधल्या गटाला सक्तीचा दोन पर्यायांचा प्रश्न विचारावा: फक्त ही दोनच टोकं असती तर? नाहीतर मतपत्रिकेवर काय होईल हे कळत नाही.

तैवानचा पेच इथेच सुटतो. मे २०१७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने दोन वर्षांत कायदा करा असं सांगितलं. नोव्हेंबर २०१८ च्या सार्वमतांत ‘नागरी संहितेतला विवाह स्त्री-पुरुषांपुरताच असावा’ याला ७२.५ टक्के मतं पडली. त्याच मतदारांनी ‘संहितेबाहेर दुसऱ्या मार्गाने समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला संरक्षण द्यावं’ यालाही ६१.१ टक्के मतं दिली. दोन्हींची बेरीज शंभराच्या वर जाते, म्हणजे पुष्कळ मतदारांनी दोन्हीकडे ‘हो’ म्हटलं. सरकारने मग संहितेला हात न लावता वेगळा कायदा केला, त्याच्या नावात ‘विवाह’ हा शब्द ठेवला नाही, न्यायालयाच्या निर्णयाचा क्रमांक ७४८ ठेवला. २४ मे २०१९ पासून तो लागू झाला. सरकारी सर्वेक्षणांच्या मालिकेत २०१८ मध्ये ३७.४ टक्के अनुकूल होते, २०२३ मध्ये ६२.६. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत मात्र ४५ अनुकूल, ४३ प्रतिकूल. यातला खरा आकडा कोणता असं विचारू नका, आणि दोघांची सरासरी तर अजिबात काढू नका. दोन संस्थांच्या प्रश्नांची ठेवण वेगळी, आधीचे प्रश्न वेगळे. पातळीसाठी दोन्ही आकडे शेजारी ठेवा, दिशेसाठी एकाच संस्थेची एकच मालिका धरा. कायदा झाल्यावर पाठिंबा वाढला, हे सरकारी मालिका निःसंशय सांगते. किती आहे, याबद्दल मात्र दोन तराजू दोन वजनं दाखवतात.

मतदानाला कोण येतं, हा पुढचा भाग. इथे टक्केवारी नेहमी नोंदणीकृत मतदारांवर काढून पाहावी. क्रोएशियात डिसेंबर २०१३ मध्ये विवाहाची स्त्री-पुरुष व्याख्या घटनेत घालण्याला ६५.९ टक्के मतं मिळाली, पण मतदान झालं ३७.९ टक्के. गुणाकार केला तर एकूण मतदारांपैकी चौथा हिस्सा. किमान मतदानाची अट नव्हती, त्यामुळे घटना बदलली. रोमानियात ऑक्टोबर २०१८ मध्ये अशाच प्रस्तावाला नव्वद टक्क्यांहून जास्त ‘हो’ मिळाले, तेही मतदान दोन दिवस चालू ठेवून. पण मतदान २१.१ टक्केच झालं आणि अट ३० टक्क्यांची होती. प्रस्ताव बाद. स्लोव्हाकियात २०१५ मध्ये हेच: २१.४ टक्के मतदान, अट ५० ची. स्लोव्हेनियात अट वेगळ्या जातीची आहे: कायदा रद्द करायचा तर विरोधी मतं एकूण मतदारांच्या किमान २० टक्के भरली पाहिजेत. डिसेंबर २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या कायद्यावर सुमारे ३६ टक्के मतदान झालं, त्यात ६३.५ टक्के विरोधात. गुणाकार २३ च्या आसपास येतो, म्हणजे उंबरठा जेमतेम ओलांडला. तिथे समर्थकांनी घरी बसून काही उपयोग नव्हता. रोमानियात घरी बसणं हाच विरोधाचा मार्ग होता, आणि बहिष्काराची हाक तशीच दिली गेली. ‘तुम्ही मतदान करणार का?’ या प्रश्नाचं ‘नाही’ हे उत्तर रोमानियात उदासीनता नव्हतं, तेच मत होतं. किमान मतदानाची अट असलेल्या देशात ‘जाणार नाही’ म्हणणाऱ्याला लगेच ‘का नाही?’ विचारावं लागतं.

ऑस्ट्रेलियाचं २०१७ चं टपाली सर्वेक्षण या बाबतीत सोन्याची खाण आहे. सहभाग ऐच्छिक असूनही ७९.५ टक्के लोकांनी फॉर्म परत पाठवले, ६१.६ टक्के ‘हो’. शिवाय निकाल मतदारसंघनिहाय जाहीर झाला: १५० पैकी १३३ मध्ये ‘हो’चं बहुमत. ज्या १७ मध्ये ‘नाही’चं आलं, त्यातले १२ सिडनीत, बहुतेक शहराच्या पश्चिम भागात, आणि ब्लॅक्सलँडमध्ये तर ७३.९ टक्के विरोध. यातले बरेच मतदारसंघ परंपरेने मजूर पक्षाचे, पण परदेशातून येऊन वसलेल्या धार्मिक कुटुंबांची वस्ती मोठी. पक्षाच्या नावावरून मताचा अंदाज बांधणारं मॉडेल इथे तोंडावर पडतं. मतदारसंघाचा अंदाज काढताना पक्षाबरोबर धर्म, वय आणि जन्मदेश हे जनगणनेतले रकाने घालावेच लागतात.

आता खोटेपणा. तो मोजायची एक जुनी युक्ती आहे, यादीचा प्रयोग. नमुन्याचे चिठ्ठी टाकून दोन भाग करायचे. पहिल्या गटाला चार साधी विधानं वाचून दाखवायची आणि विचारायचं, ‘यातली किती तुम्हाला पटतात? कोणती ते सांगू नका, फक्त संख्या सांगा.’ दुसऱ्या गटाला तीच चार आणि पाचवं विवाहाबद्दलचं. समजा पहिल्या गटाची सरासरी २.१० आली, दुसऱ्याची २.४५, तर ०.३५ चा फरक म्हणजे ३५ टक्के लोकांना पाचवं विधान पटतं. कोणा एकाचं उत्तर कधीच उघड होत नाही. याच नमुन्यातल्या पहिल्या गटाला नंतर थेट प्रश्न विचारून त्याचं उत्तर ४२ टक्के आलं, तर सात पॉइंट संकोचाचे.

ऐकायला छान, पण महाग. उत्तरांचं प्रमाण विचलन (उत्तरं सरासरीपासून किती पसरली आहेत त्याचं माप) एकच्या आसपास धरलं, तर प्रत्येक गटात हजार माणसं घेऊनही या फरकाची चूक-मर्यादा, म्हणजे नमुन्यामुळे आकडा इकडेतिकडे किती हलू शकतो ती मर्यादा, जवळपास नऊ पॉइंट येते. तेवढ्याच दोन हजार लोकांना थेट विचारलं असतं तर ती दोन पॉइंटच्या आसपास असती. म्हणजे वर कल्पिलेले सात पॉइंट त्या मर्यादेत सहज विरून जाऊ शकतात. त्यातही यादीतली चार विधानं नीट निवडली नाहीत तर प्रयोग फसतो. सगळी चारही पटणारी असली तर ‘पाच’ म्हणताच माणूस उघडा पडतो, म्हणून एकमेकांविरुद्ध जाणारी दोन विधानं त्यात ठेवायची, म्हणजे उत्तर कडेला जात नाही. अमेरिकेत समलिंगी विवाहावर असे प्रयोग झाले आहेत, आणि थेट प्रश्नातून मिळणारा पाठिंबा सरसकट फुगलेला असतो असं त्यातून ठामपणे सिद्ध झालेलं नाही.

काळाबरोबरच्या बदलाबद्दल एक समज फार पक्का आहे: जुनी पिढी जाते, नवी येते, पाठिंबा आपोआप वाढतो. गॅलप या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या मालिकेत अमेरिकेतला पाठिंबा १९९६ मध्ये २७ टक्के होता, २०११ मध्ये पहिल्यांदा निम्म्याच्या वर (५३) गेला, २०२१ मध्ये ७०. पंचवीस वर्षांत ४३ पॉइंट, वर्षाला सरासरी १.७. प्रौढांपैकी साधारण दीड-दोन टक्के माणसं दरवर्षी बदलतात. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पिढीत चाळीस पॉइंटचं अंतर धरलं तरी वर्षाला ०.६ ते ०.८ पॉइंटच भरतात. उरलेली वाढ जिवंत माणसांनी मत बदलल्यामुळे आली. जे मत बदलून वर आलं, ते बदलून खालीही येऊ शकतं, आणि तसं घडलंही. रिपब्लिकन मतदारांतला पाठिंबा २०२१ मध्ये ५५ टक्के होता, २०२५ मध्ये ४१. डेमोक्रॅट ८८ वर, एकूण आकडा ६८. एकूण आकडा जेमतेम हलला म्हणून पाहणाऱ्याला वाटतं काहीच झालं नाही.

मत असणं वेगळं आणि त्यावरून मत देणं वेगळं. काल्पनिक आकडे घेऊन बघा: साठ टक्के समर्थक, पण त्यातले पाच टक्केच या मुद्द्यावर उमेदवार बदलतील, पस्तीस टक्के विरोधक, पण त्यातले वीस टक्के बदलतील. उमेदवाराला दिसतात इकडे तीन, तिकडे सात. बहुमत समर्थनाचं असूनही तो गप्प का बसतो, याचं उत्तर या गुणाकारात आहे. तीव्रता मोजायची तर ‘ठामपणे’ आणि ‘काहीसा’ हे वेगळे पर्याय हवेत, आणि ‘मत देताना तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणता?’ हे प्रश्नावलीत सुरुवातीलाच, पर्याय न वाचता विचारायला हवं. पर्यायांची यादी दिली की काय होतं ते २००४ मध्ये दिसलं. एक्झिट पोलमध्ये २२ टक्क्यांनी ‘नैतिक मूल्ये’ निवडलं, यादीतला तो सर्वाधिक वाटा ठरला, आणि समलिंगी विवाहाच्या मुद्द्यावर बुश निवडून आले असा निष्कर्ष अनेकांनी काढला. ‘नैतिक मूल्ये’ ही एक मोठी पेटी होती, तिच्यात कोणी काय टाकलं हे कळायला मार्ग नव्हता. दहशतवाद आणि इराक मात्र वेगवेगळ्या रकान्यांत विभागलेले होते. दोन्ही मिळून आकडा त्याहून बराच मोठा होत होता.

भारताचे ५३ टक्के आता या चौकटीत ठेवू. तो आकडा प्यूच्या २०२३ च्या पाहणीतला: ५३ अनुकूल, ४३ प्रतिकूल. बेरीज ९६. ज्या विषयावर एकही निवडणूक लढली गेली नाही, त्यावर फक्त चार टक्क्यांना ‘सांगता येत नाही’ म्हणावंसं वाटलं, हेच आधी खटकायला हवं. समोरासमोरच्या मुलाखतीत ‘सांगता येत नाही’ हा पर्याय मोठ्याने वाचला नाही की माणूस काहीतरी बाजू घेतोच. त्यामुळे या ५३ मध्ये पक्कं मत आणि त्या क्षणी सुचलेलं उत्तर मिसळलेलं आहे, आणि ४३ मध्येही. दुसरी चूक मालिकेची. प्यूच्याच २०१९ च्या पाहणीत समलैंगिकता ‘समाजाने स्वीकारावी’ म्हणणारे भारतात ३७ टक्के होते. ३७ वरून ५३, चार वर्षांत सोळा पॉइंट, असं लिहिलेलं सर्रास दिसतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ऑनलाइन पॅनेलवरची आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणं तर भारतापुरती शहरी, शिकलेल्या, जोडलेल्या वर्गाचीच असतात. ती घेणाऱ्या संस्थाही हे तळटीपेत लिहितात, पण बातमीत तळटीप येत नाही.

शिवाय हा आकडा कशाचंच भाकीत नाही. भारतात राष्ट्रीय सार्वमताची तरतूद नाही. समलिंगी विवाहाला मान्यता मागणाऱ्या याचिकांवरच्या, १७ ऑक्टोबर २०२३ च्या ‘सुप्रियो’ निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नाही असं म्हटलं, सिव्हिल युनियनचा हक्क तीन विरुद्ध दोन मतांनी नाकारला गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. प्रश्न संसदेकडे आहे, म्हणजे वरचा तीन-विरुद्ध-सातचा गुणाकार इथे ५३-४३ पेक्षा जास्त महत्त्वाचा.

मराठीत हे विचारायचं असेल तर ‘समलैंगिक विवाहाला तुमचा पाठिंबा आहे का?’ हा प्रश्न वापरू नये. ‘समलैंगिक’ म्हटलं की ऐकणाऱ्याचं लक्ष ‘लैंगिक’वर जातं, काहींना शब्दच कळत नाही, काही तृतीयपंथीयांबद्दल बोलायला लागतात. ‘पाठिंबा’ मोर्चात जाण्यासारखा वाटतो. त्यापेक्षा: ‘दोन पुरुषांनी एकमेकांशी लग्न केलं, तर सरकारने ते लग्न कायद्याने मानावं, की मानू नये?’ दोन्ही बाजू प्रश्नातच आल्या पाहिजेत, नाहीतर होकाराला होकार देणारे आकडा फुगवतात. दोन पुरुष आणि दोन स्त्रिया एका प्रश्नात कोंबू नयेत; अर्ध्या नमुन्याला एक, अर्ध्याला दुसरा. ‘लग्न’ शब्दाने मांडव आणि विधी डोळ्यांपुढे येतात, ‘विवाह नोंदणी’ने कचेरी. हाही बदल नमुना विभागून तपासावा. पर्याय चार, आणि चारही छापील कार्डावर: मानावं; लग्न नको पण काही हक्क द्यावेत; काहीच मानू नये; अजून ठरवलेलं नाही.

‘काही हक्क’ निवडणाऱ्यांना पुढे एकेक हक्क विचारावा: रुग्णालयात जोडीदाराच्या वतीने निर्णय, वारसा, संयुक्त बँक खातं, मूल दत्तक घेणं. बँक खात्याबद्दल ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला मज्जाव नाही असं स्पष्ट केलंच आहे, त्यामुळे तिथे ‘आता जसं आहे तसं राहू द्यावं की बंद करावं’ अशी मांडणी करावी लागते. बाकीच्यांचा क्रम प्रत्येक मुलाखतीत बदलता ठेवावा, फक्त दत्तक नेहमी शेवटी. ते मध्ये आलं की पुढच्या सगळ्या उत्तरांना खाली ओढतं.

नमुन्याबद्दल एवढंच की हजार मुलाखतींची तीन पॉइंटची चूक-मर्यादा साध्या यादृच्छिक (चिठ्ठी टाकून निवडलेल्या) नमुन्याची असते. वस्तीवस्तीत झुबक्याने घेतलेल्या मुलाखतींत ती सहज साडेचारच्या आसपास जाते, आणि त्यातल्या दीडशे तरुणांचा वेगळा आकडा काढला तर अकराच्या वर. ‘तरुणांत बहुमत’ असं लिहिण्याआधी हे पाहावं.

घरात मुलाखत घेताना सासू, वडील, दारात उभा शेजारी, कोणी ना कोणी ऐकत असतं. त्यांना हाकलता येत नाही. म्हणून एवढा एक प्रश्न मोठ्याने न विचारता टॅब्लेट उत्तर देणाऱ्याच्या हातात द्यावा, वाचता येत नसेल तर हेडफोनवर ऐकवावा आणि रंगीत चौकोनांवर बोट ठेवायला सांगावं. मुलाखतकाराने शेवटी तिसरं माणूस हजर होतं का, हे खूण करून नोंदवावं. विश्लेषणात हजर-गैरहजर अशा दोन गटांचे आकडे, वय-लिंग-शिक्षण सारखं करून, वेगळे काढावेत. ते चूक-मर्यादेपलीकडे वेगळे निघाले तर एक आकडा न देता दोन्ही द्यावेत, आणि किती टक्के मुलाखतींत कोणी ऐकत होतं तेही त्याच ओळीत लिहावं.